भाषण लिहितेस ते कोणासाठी?

प्रिय मैत्रिणीस,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचं रेकॉर्डिंगही नीट ऐकलं. 'लोक मध्येच मोबाइल काढतात, माझा आवाजच कंटाळवाणा आहे का?' असं तू विचारलं आहेस. आवाजात काही खोट नाही. उच्चार स्वच्छ आहेत आणि पाठांतर इतकं पक्कं, की तू कुठेच अडखळत नाहीस. गडबड तिथेच आहे. समोर रिकाम्या खुर्च्या असत्या, तरी तू हेच भाषण याच चालीत म्हटलं असतंस.

तुझा तयारीचा वेळ कुठे जातो? मुद्दे जमवण्यात, वाक्यं घासूनपुसून घेण्यात आणि उरलेला स्लाइडमध्ये. समोर कोण बसणार आहे, त्यांना यातलं आधीच काय ठाऊक आहे, कोणती गोष्ट त्यांना सहजी पटणार नाही, याचा विचार तुझ्या पत्रात कुठेच नव्हता. पुढच्या वेळी आधी तो कर. मग, लोक घरी गेल्यावर कोणी विचारलं 'काय म्हणाल्या त्या?' तर त्यांनी काय सांगावं, हे एका वाक्यात लिही. ते वाक्य जमत नसेल तर स्लाइड उघडूच नकोस. आणि जमलं, की त्या वाक्याशी संबंध नसलेला प्रत्येक मुद्दा काढून टाक. जीव तुटेल, पण काढ.

हे अवघड का जातं ते सांगतो. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुझ्या भाषणातल्या तिसऱ्या मिनिटाला मी असाच टकटक ऐकत होतो. चार पारिभाषिक शब्द एका दमात आले आणि एकाचाही अर्थ तू सांगितला नाहीस. तुझ्यासाठी ते रोजचे आहेत, म्हणून.

आता भाषेबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझी खरी अडचण इथे आहे. तू भाषण लिहितेस ते वाचण्यासाठी लिहिल्यासारखं. वाचणाऱ्याला वाक्य कळलं नाही तर तो मागे जातो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यात मराठीत क्रियापद येतं शेवटी. 'जो', 'ज्यामुळे', 'ज्याच्या संदर्भात' असे डबे जोडत तू वाक्य लांबवतेस, तेव्हा श्रोता बिचारा कर्ता, कर्म, विशेषणं सगळी हातात धरून क्रियापदाची वाट बघत उभा राहतो. ते आलं, तरी नुसतं 'करण्यात आलेलं आहे' एवढंच असतं! म्हणून वाक्य तोड. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. 'करण्यात आलं' ऐवजी कोणी केलं ते सांग. लिहिलेलं मोठ्याने म्हणून बघ. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागतो, तिथे पूर्णविराम टाक. आकडे दोन मिनिटांत सात आले, त्यातला एकही माझ्या लक्षात राहिला नाही. एकच ठेव, तो सांगितल्यावर थांब आणि तो मोठा का किंवा लहान का ते सांग.

थांबण्याची तुला भीती वाटते, हे रेकॉर्डिंगमध्ये जाणवतं. मोकळी जागा दिसली, की तू 'म्हणजे' किंवा 'तर' भरतेस. नको भरूस. बोलणाऱ्याला जी शांतता फार लांब वाटते, ती ऐकणाऱ्याला विचार करायला जेमतेम पुरते.

तू लिहिलंस, पाय थरथरतात आणि ते सगळ्यांना दिसतं. सहसा दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळलं. वक्त्यांना आपली घाबरगुंडी जेवढी उघड वाटत होती, तेवढी ती श्रोत्यांच्या नजरेला येत नव्हती. ज्यांना हे आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणंही जास्त चांगली झाली. म्हणून 'मी जरा घाबरले आहे' अशी सुरुवात करून त्यांचं लक्ष तिकडे वळवू नकोस.

हातवाऱ्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. कार्यशाळांमध्ये हमखास सांगतात, की परिणामात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या प्रयोगांतून आला, पण ते प्रयोग भावना आणि आवडनिवड कशी पोचते, एवढ्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला ते लावणं चुकीचं, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. शब्द 7 टक्केच असते, तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला जवळजवळ सगळं समजलं असतं.

मग पाठ करायचं की नाही? पहिली दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ कर. मधल्या भागाचे फक्त मुद्दे कागदावर ठेव आणि तो भाग दर वेळी वेगळ्या शब्दांत मैत्रिणीला सांगून बघ. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेला मजकूर सोडून आपल्या समतेच्या स्वप्नाविषयी बोलू लागले, हे तू वाचलं असशील. ते स्वप्न त्यांनी आधीच्या भाषणांत अनेकांना सांगितलेलं होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आयत्या वेळी सुचलं ते मुरलेलं होतं.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. तुझं पहिलं मिनिट आयोजकांचे आभार आणि 'वेळ थोडा आहे' यात गेलं. ते काम सूत्रसंचालकाचं आहे. तू थेट विषयाला हात घाल. आणि प्रश्नोत्तरं संपल्यावर भाषण विरून जाऊ देऊ नकोस. शेवटचं वाक्य त्यानंतरसाठी राखून ठेव.

पुढचं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा श्रोते कोण होते तेही लिही, आणि त्यांनी काय प्रश्न विचारले तेही. भाषण ऐकण्याआधी मी ते प्रश्न वाचणार आहे.

सस्नेह