वाचकांचे प्रश्न : हॉटेलातला लांबलेला मुक्काम

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात अभियंता आहे. यंत्रांच्या चाचण्यांसाठी कंपनीने मला जर्मनीत मॅनहाइमला पाठवले. काही आठवड्यांचे म्हणून सांगितलेले काम आता उन्हाळ्यापर्यंत लांबणार आहे. हॉटेल चांगले आहे, तरी रोज तोच नाश्ता, खोलीत साधा चहा करण्याचीही सोय नाही, कपडे धुण्याचे पैसे नगावर, रविवारी दुकाने बंद, आणि मी खोलीवर पोहोचतो तोवर घरी आई झोपलेली असते. घरी काही बोललो तर ‘हॉटेलात राहतोस, मजा आहे की’ असे ऐकावे लागते. एवढ्या लहान गोष्टींनी इतका वैताग का यावा, आणि काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपला वैताग रास्त आहे आणि तो लहान मानण्याचे काहीच कारण नाही. हॉटेलची सारी मांडणी दोन-तीन रात्री राहून पुढे जाणाऱ्या प्रवाशासाठी केलेली असते. हातभर कपाट, बाटल्यांनी भरलेला चिमुकला फ्रीज आणि झोपण्यापुरता मंद दिवा तेवढ्या मुक्कामात खटकत नाहीत. महिन्यांच्या मुक्कामात मात्र, घरी ज्या गोष्टी आपण कोणाला न विचारता करतो, त्या प्रत्येकीसाठी परक्या माणसाकडे मागणी करावी लागते किंवा पैसे मोजावे लागतात. दिवसभर परक्या भाषेत काम करून आलेल्या माणसाला दमवते ते हेच, आणि नातेवाइकांना खोलीचे फोटो पाहून ते कळत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला कंपनीविषयी आहे. मुक्काम वाढल्याचे समजताच, स्वयंपाकाची सोय असलेली, महिन्याच्या बोलीने मिळणारी सुसज्ज सदनिका द्यावी, अशी लेखी विनंती आपल्या वरिष्ठांना आणि मनुष्यबळ विभागाला करावी. अशा जागांचे महिन्याचे भाडे पुष्कळदा हॉटेलच्या रोजच्या दराने होणाऱ्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी पडते. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पत्र पाठवावे. आपण चैन मागत नाही, कामाच्या ठिकाणी नीट राहता येण्याची सोय मागत आहात, आणि ती मागताना संकोच बाळगू नये. याच पत्रात नोंदणीचाही विषय काढावा. जर्मनीत अन्यत्र पत्त्याची नोंद नसलेल्या माणसाचा हॉटेलातील मुक्काम तीन महिन्यांच्या वर गेला, तर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात नोंदणी करावी लागते. ही कागदपत्रे कोण पाहणार, हे आधीच ठरलेले बरे.

जागा मिळेपर्यंतच्या दिवसांत सर्वांत आधी जेवणाकडे पाहावे. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्याने ठाण्याहून नेलेली उपकरणे तिथे चालतात. मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक पिना तर तिथल्या सॉकेटमध्ये थेट बसतात; तीन पिनांच्या प्लगला मात्र अडॅप्टर लागतो. असे असले तरी खोलीत शेगडी किंवा कुकर लावू नये. बहुतेक हॉटेलांत त्याला मनाई असते, आणि धुराचा इशारा वाजून अग्निशमन दल आले तर त्याचा खर्च पाहुण्याच्या माथी येऊ शकतो. स्वागतकक्षात किटली मागून घ्यावी. ती खोलीत ठेवलेली नसली तरी मागितल्यावर अनेकदा मिळते. किटलीत फक्त पाणी उकळावे, दूध किंवा डाळ घालू नये; दूध तळाशी करपते आणि उतू जाते.

चुलीशिवाय होणारे आपले पदार्थ अशा वेळी कामाला येतात. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, तिथल्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळणारा सुक्या खोबऱ्याचा कीस, मीठ, चिमूटभर साखर आणि भरपूर लिंबू घालून हाताने चांगले कालवावे, किटलीतील कोमट पाण्याचा हबका मारावा आणि वर ताटली दडपून पंधरा मिनिटे ठेवावे. दडपे पोहे तयार होतात. घरची फोडणी नसल्याने चव थोडी उणी राहते, पण वर दाण्याचे कूट पेरले की ती उणीव बरीच भरून निघते. मेतकूट आणि तिथले साधे दही हाही रात्रीचा चांगला आधार आहे. पोहे, मेतकूट, चटण्या घरून मागवता येतील; परंतु येणाऱ्या माणसासोबत तूप, पेढे किंवा दुधाचे इतर पदार्थ पाठवू नयेत, कारण बाहेरील देशांतून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. तूरडाळ, तांदूळ आणि मसाले तिथल्या श्रीलंकन तमिळ किंवा अफगाण दुकानांत मिळतात. हे सारे शनिवारीच आणून ठेवावे. रविवारी मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकाने आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या सोडल्या तर फारसे काही उघडे नसते.

फ्रीजमधील बाटल्या काढून तो रिकामा करून देण्यास सांगावे. स्वतः मात्र त्या हलवू नयेत, कारण काही फ्रीजमध्ये वस्तू उचलताच तिची किंमत आपोआप बिलात चढते. कपड्यांसाठी नाणी टाकून चालणारी धुलाई केंद्रे शहरात असतात. नकाशावर ‘वाशसालोन’ असे शोधावे. हॉटेलात एका सदऱ्याला जे पडते, त्याच्या आसपास तिथे आठवड्याचे कपडे धुऊन निघतात. थंडीत कोंदट वाटते म्हणून खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे ती पूर्ण उघडावी आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवावा. हीटरच्या खटक्यावरील ३ हा आकडा साधारण २० अंशांचा असतो. ५ वर ठेवून झोपल्यास घसा कोरडा पडतो. शौचालयात पाण्याची सोय नसते, हा आपल्या लोकांचा न बोललेला त्रास आहे. त्यासाठी दाबून पाणी उडवणारी लहान बाटली मिळते, ती निःसंकोच घ्यावी.

आता आईविषयी, कारण आपल्या पत्रातील खरी सल मला तिथे दिसली. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपण सात वाजता खोलीवर येता तेव्हा ऐरोलीत साडेअकरा झालेले असतात, त्यामुळे संध्याकाळचा फोन जमणारच नाही. सकाळी साडेसहाला फोन लावावा. घरी तेव्हा अकरा वाजलेले असतात, आईची आंघोळ-पूजा आटोपलेली असते आणि त्यांना घाई नसते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात. मग फरक साडेतीन तासांचा राहील, हे त्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे त्या फोनची वाट पाहत बसणार नाहीत.

प्रश्न : मी प्रशिक्षणासाठी जपानमध्ये ओसाकाला जात आहे आणि हॉटेलातच राहणार आहे. घरचा लहान विजेचा कुकर सोबत नेऊ का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नेऊ नये. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. २३० व्होल्टसाठी केलेला कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाची उष्णता देईल आणि भात अर्धवट शिजून चिकट होईल. अडॅप्टरने पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. मोबाइल व लॅपटॉपचे चार्जर मात्र चालतील. त्यांच्यावर १०० ते २४० असे छापले असल्याची खात्री करावी आणि दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्यावा. तिथल्या अनेक छोट्या हॉटेलांत नाण्यांवर चालणारे धुलाईयंत्र आणि सर्वांसाठी मायक्रोवेव्ह असतो. शिजवलेल्या साध्या भाताची बंद पाकिटे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तो भात गरम करून त्यावर घरचे मेतकूट घालावे.