चौदाशे वर्षं जगलेला शिष्य

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं, राग मानू नकोस. आजी सांजवात करताना ‘पांडुरंगा, आता ने रे बाबा’ म्हणते आणि रक्तदाबाची गोळी जरा उशिरा मिळाली तर घर डोक्यावर घेते. यातली खरी आजी कुठली, असं विचारतेस. दोन्ही गं. माझी गोळी सुटत नाही आणि हरिपाठही.

तिची श्रद्धा म्हणजे मरणाच्या भीतीवरचा उतारा, असं तुझं म्हणणं. थोडंफार असेलही. पण आपल्या परंपरेनं अमरपणाचं कौतुक फार जपून केलंय. चांगदेवांचं बघ. योगबळानं काळाला चुकवत 1400 वर्षं जगले म्हणतात. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर वयानं लहान पण ज्ञानानं मोठ्या या मुलाला मायना काय घालावा तेच सुचेना; कोराच कागद धाडला. इतकी वर्षं जगून कोरा तो कोराच, असं मुक्ताईनं सुनावल्याचं सांगतात. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी 65 ओव्या लिहिल्या. पुढे म्हाताऱ्यानं त्या पोरसवदा मुक्ताईलाच गुरू केलं. ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, तेव्हा ते जेमतेम 21 वर्षांचे होते.

वाढदिवसाला आपण सप्तचिरंजीवांची नावं घेतो. त्यांत रामकथेसाठी मागे राहिलेला मारुती आहे, आणि भळभळत्या जखमेवर तेल मागत नर्मदाकाठी हिंडणारा अश्वत्थामाही. आयुष्य दोघांनाही उदंड. तुकोबांनी तर मुक्तीच नाकारली. संतांची संगत मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास पत्करायला तयार! वारकऱ्याचा हा हावरटपणा मला फार आवडतो.

आजीच्या भजनी मंडळातल्या किती जणी उरल्यात, विचारलंस कधी? ती ‘ने’ म्हणाली की तुम्ही सगळे ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तिला गप्प करता. त्यापेक्षा जवळ बस आणि कशाची धास्ती वाटते ते विचार. माझ्या वयाच्या पुष्कळांना मरणापेक्षा अतिदक्षता विभागातल्या नळ्यांची भीती जास्त वाटते. त्यावर उपाय आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपचारांनी जीव लांबवू नये, असं आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली मान्य केला, आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तिला हवं असेल तरच हं. आणि तिनं ‘मला सगळे उपचार करा’ असं सांगितलं, तर तेही तितक्याच आदरानं ऐक. तेव्हा पांडुरंगाची साक्ष काढून तिला अडवू नकोस.

मोतीबिंदूचं मात्र कार्तिकीच्या आत उरकून घ्या. मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरीसुद्धा वाचता येत नाही, म्हणजे फारच झालं.