अमेरिकेत सरकारनं वसाहतकऱ्यांना जमिनी खरंच फुकट वाटल्या का?

वाटल्या, पण मुख्यतः १८६२ नंतर. त्याआधी पाऊणशे वर्षं सरकार जमीन चक्क विकत होतं.

माझं काम जमीन मोजणीचं, त्यामुळे १७८५चा कायदा मला फार रोचक वाटतो. स्वातंत्र्ययुद्धात तिजोरी रिकामी झालेली, काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कर लावायचा अधिकार नाही. विकण्याजोगं एकच होतं, ओहायो नदीपलीकडची जमीन. म्हणून आधी मोजणी, मग लिलावानं विक्री. सहा बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक ६४० एकरांचा, सोळावा शाळेसाठी राखीव. मोजणीची साखळी ६६ फुटांची (आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, बरोब्बर निम्मी).

दर एकरी किमान एक डॉलर. पण घ्यायची तर अख्खे ६४० एकर! सामान्य शेतकरी तिथेच बाद. खरी मेख दरात नव्हतीच, या किमान क्षेत्रात होती.

आणि जमीन सरकारची झाली कशी? तिथल्या मूळ रहिवासी शॉनी, मायामी वगैरे जमाती लढाई हरल्या. १७९५च्या ग्रीनव्हिल तहात त्यांना ओहायोचा मोठा भाग सोडावा लागला. बदल्यात २०,००० डॉलरचा माल आणि वर्षाला ९,५००चा. पुढच्याच वर्षी सरकारनं दर केला एकरी दोन डॉलर.

१८०० मध्ये अट ३२० एकरांवर आली, हप्तेही मिळाले. लोकांनी ऐपतीबाहेर जमिनी घेतल्या आणि १८१९च्या मंदीत हात वर केले. सरकारचं येणं दोन कोटी डॉलरच्या वर गेलं. १८२०ला उधारी बंद झाली. ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, रोख.

तरी कित्येक जण मोजणीआधीच घुसून नांगर धरत. आयोवात अशांनी मंडळंच काढली. लिलावात गट पुकारला की मंडळाचा माणूस किमान बोली लावणार, बाकीचे गप्प. बाहेरच्यानं बोली वाढवली तर त्याची धडगत नसे. १८४१च्या कायद्यानं अशा कब्जेदारांना १६० एकर लिलावाआधी किमान दरानं घ्यायचा हक्क दिला. अतिक्रमण नियमित केलं म्हणा ना, आपल्याला काय ते नवीन नाही!

१८६२च्या कायद्यानं १६० एकर नाममात्र फीवर मिळू लागले, पाच वर्षं राहून कसायच्या अटीवर. बैल, नांगर, बियाणं ज्याचं त्यानं आणायचं. रेल्वेमार्गालगतचे एकाआड एक चौकोन कंपन्यांना गेले, ते त्या विकत. आणि पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून सव्वा डॉलरच्या दरानं पैसे भरा, जमीन नावावर. या पळवाटेचा सट्टेबाजांनी मनसोक्त फायदा घेतला.