मिश्रीची खूण

"मॅडम, दात उरलेत सात-आठ. ते घासत बसून आता काय मिळवायचं?" अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं करणारी घरं मला हे हमखास विचारतात. निपाणीजवळच्या एका सूनबाईंनीही विचारलं, पण तिसऱ्या भेटीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

आल्या होत्या वेगळ्याच तक्रारीनं. सासूबाईंना वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. आता त्या घास थुंकतात, तोंड पुसायला गेलं की हात झटकतात. "माझ्या हातचंच नको असतंय त्यांना." मीही त्याच वाटेनं गेले. वीस वर्षांचं सासू-सुनेचं नातं, जुने सल, थकवा हे सगळं उकरण्यात दोन भेटी गेल्या. चूक माझीच.

तिसऱ्यांदा त्या सहज बोलून गेल्या, "आणि मिश्रीचा नाद काही सुटत नाही बघा. झटक्यापासून बंद केलीय, तरी दिवसभर बोट हिरडीवर फिरवत बसतात. आम्ही रागावतो."

तंबाखूच्या या पट्ट्यात मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दाता-हिरड्यांना लावणाऱ्या आज्या काही कमी नाहीत. ती खूण कुणालाही कळते, म्हणूनच फसायला होतं. मी विचारलं, बोट नेमकं कुठं फिरतं? "खाली, उजवीकडं. कायम तिथंच." आत बघितलंत कधी? त्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, "डायपर बदलते, त्याचं काही वाटत नाही. पण तोंडात बोट घालायची किळस येते मला."

दातांच्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा उजव्या गालात आदल्या जेवणाचा भात साचलेला होता आणि हिरडीलगत तीन दातांची मुळं किडलेली. वय झालं की हिरडी मागं सरकते, मूळ उघडं पडतं. त्याला वरच्या दातासारखं कठीण कवच नसतं, त्यामुळं कीड लवकर शिरते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि दात धुऊन काढणारी लाळच आटते. त्यात दिवसातून पाच-सहा वेळा चहात बुडवलेलं बिस्किट. शिवाय बेळगावहून येणारा प्रत्येक पाहुणा कुंदा आणणार, आणि तो चमचा-चमचा दिवसभर पुरवणार! गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दाताला जास्त बाधतं.

दोन दात काढावे लागले. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ती आपल्या मनानं थांबवू नका, डॉक्टरांना आधी सांगा, एवढं मी बजावलं होतं.

खरं काम उरलं ते किळसेचं. 'असं वाटून घेऊ नका' हे मी म्हटलं नाही. वाटतं ते वाटतंच. हातमोजे घाला म्हटलं. उशा लावून बसतं करायचं, हनुवटी किंचित खाली. आडवं ठेवून कधीच नाही, कारण पाणी किंवा घाण श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनियाची भीती. आधी ओल्या गॉजनं गालातलं अन्न काढायचं. मग मऊ ब्रशवर फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याहूनही कमी. चूळ नको, फेस पुसून घ्यायचा. आणि ब्रश सासूबाईंच्याच डाव्या हातात द्यायचा, आपला हात वरून. रात्रीची पाळी मुलाची. तो आधी "मला नाही जमणार" म्हणाला होता. सूनबाईंनी माझ्यासमोरच विचारलं, "मला कुठं जमत होतं?"

"मग कुंदा बंद?" जाताना त्यांनी विचारलं. बंद कशाला? जेवणाबरोबरच, एकदा, त्यानंतर ब्रश.

महिन्याभरानं फोन आला. जेवण वाढलं होतं, हात झटकणंही कमी झालं होतं. बोटाचं विचारलं, तर हसल्या. "परवा परत फिरवलं. मी घाईनं बॅटरी घेऊन आत बघितलं, सगळं ठीक. तर यांनी नजर फडताळातल्या डबीकडं लावलेली. या वेळी मात्र खरंच मिश्रीच पाहिजे होती."