गुलावटला आधी कमळं, पोहे परतताना

कोजागिरीच्या सुमारास ठाण्याहून इंदूरला येताय, सासूबाईंना कमळाचं तळं दाखवायचंय, पण मागच्या खेपेला दुपारी एक वाजता गुलावटला पोहोचलात तर मिटलेल्या कळ्या आणि पानंच दिसली, असं तुम्ही लिहिलंय. जागा बरोबर होती, वेळ चुकली. मी इंदूरच्या रामबागेत राहतो. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो आणि सुरुवातीला मीही हेच करून बसलो होतो.

कारण पोहे. इंदूरचा माणूस सकाळी बाहेर पडला की गाडी आपोआप ठेल्याशी थांबते. मग जिलेबी, मग चहा, मग कुणाचा तरी मेव्हणा भेटतो. गुलावटच्या वाटेवरचं हातोद गाठेपर्यंत साडेदहा. तेव्हा पोहे परतताना खायचे, हा आमच्या घरचा आता नियमच आहे.

कमळ पहाटे उमलायला लागतं आणि उन्हं चढली की मिटू लागतं. एक फूल जेमतेम तीन-चार दिवसांचं. पहिल्या सकाळी वाटीसारखं अर्धवट उघडतं आणि मिटतं, दुसऱ्या दिवशी पूर्ण फुलतं, आणि शेवटच्या दिवशी पाकळ्या गळून मधला शॉवरच्या जाळीसारखा गाभा उरतो. गंमत म्हणजे फुलायच्या दिवसांत ते स्वतःला ऊब देतं. बाहेर १० अंशांची थंडी असली तरी आतलं तापमान ३० ते ३६ अंशांच्या आसपास राखतं. त्या उबेला आणि वासाला भुलून भुंगेरे आत शिरतात आणि पाकळ्या मिटल्यावर रात्रभर तिथेच मुक्काम करतात. कमळात अडकलेला भुंगा ही नुसती कविकल्पना नव्हे.

कमळ आणि वॉटर लिली कशी ओळखायची, हाही तुमचा प्रश्न होता. फूल सोडा, पान बघा. लिलीचं, म्हणजे आपल्या कुमुदाचं, पान पाण्यावर पसरलेलं असतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध, आणि मोठी पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी. त्यावर ओंजळभर पाणी टाका, पाऱ्यासारखं पळेल. अळवावरचं पाणी म्हणतो ना, तेच. कुमुदाच्या काही जाती रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात, त्यामुळे एखाद्या डबक्यात ती दिसली तर तिथेही लवकर पोहोचलेल्यालाच. (आपल्या गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलणारं ‘ब्रह्मकमळ’ या दोघांचंही कुणी नाही, ते निवडुंग आहे. आमच्या मावशीला हे सांगून मी एका रात्रीचा चहा गमावलाय.)

रस्ता सोपा आहे. एअरपोर्ट रोडने गांधीनगर, तिथून हातोद, पुढे गुलावट. शहरातून तीसेक किलोमीटर धरा. अंधारातच निघा, म्हणजे उजाडताना काठावर असाल. हे पाणी यशवंत सागर धरणाचं, गंभीर नदीवरचं. २०२२ साली या जलाशयाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, शहरातल्या सिरपूर तलावालाही त्याच वर्षी. दुर्बीण असेल तर घ्या, या भागात सारस दिसतात.

दिवस निवडताना लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळा. तळ्यातली कमळं ही गावकऱ्यांची कमाई आहे, आणि त्या दिवशी घरोघरी कमळ लागतं. तुम्ही पोहोचेपर्यंत चांगली फुलं टोपल्यांत गेलेली असतात. शक्यतो रविवारही नको.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालात, तर प्लास्टिकचं स्टूल डिकीत टाका. काठावर बसूनही छान दिसतं. नावेत बसायचंच असेल तर आधी लाइफ जॅकेट मागा. नाही मिळालं तर मुकाट्याने उतरा, तिथे भिडेखातर बसू नका. पाण्याखाली देठांचं जाळं असतं, पट्टीचा पोहणाराही त्यात अडकतो. ‘एवढं एकच’ म्हणत काठावरून वाकून फूल ओढायला मी गेलो होतो. देठाला बारीक काटे असतात हे तेव्हा कळलं, आणि एक चप्पल अजून त्या चिखलात आहे.

कुणी कमळाचा हिरवा गाभा विकत असेल तर घ्या. आतलं कोवळं बी सोलून खायचं, मात्र मधला हिरवा कोंब काढून टाका, कडू जहर असतो. मखाणा याच कमळाचा, असं कुणी सांगितलं तर नुसतं हसा, ती वनस्पती वेगळी.

नऊपर्यंत आटोपून निघालात तर शहरात पोहे गरमच मिळतील. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, वरून मागून घ्या. उसळ घालून देतात त्या ठेल्यावर मात्र सासूबाईंसाठी आधी ‘तिखट कमी’ सांगा.