पोरगं लेझर म्हणतंय, तर आधी साचा शिकू द्या

सेलूहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. लेझरच्या झटक्याने पातळ पत्र्याला आकार देतात, असा व्हिडिओ त्याने पाहिला आणि आता तेच करायचं म्हणतो. पुण्यातल्या एका क्लासचा ६ महिन्यांचा लेझर कोर्स आहे, फी ८५ हजार. ‘सोयाबीनचे पैसे हातात आहेत, भरू का?’

भाऊ, भरू नका. असे कोर्स बहुतेक कटिंग आणि मार्किंगचे असतात. ते काम वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये मशीनवर उभं राहूनही शिकता येतं, वर चार पैसे मिळतात.

मुलाला आवडलंय ते निराळं आहे. लहानपणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी रुपयावर ठेवून आपण नखाने घासायचो, छापा उठायचा. तसंच हे. खाली बारीक नक्षीचा साचा, वर केसाहून पातळ तांब्याचा पत्रा, त्यावर काळ्या रंगाचा हात आणि रंगावर काच किंवा पाणी. लेझरचा ठोका काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा. तेवढ्यात रंगाचा प्लाझ्मा, म्हणजे भयंकर तापलेला वायू होतो. वर काच, फुगायला जागा नाही, मग तो खाली दणका देतो. दाब हवेच्या दाबाच्या दहा हजार पट, कधी त्याहूनही जास्त. लेझर पत्र्याला शिवतही नाही. नखाचं काम दणका करतो.

वरून पत्रा दाबणारा ठोकळा, म्हणजे पंच, लागतच नाही, ही खरी गंमत. इतक्या बारीक कामात पंच आणि डाय, म्हणजे खालचा साचा, एका रेषेत बसवताना चांगला कारागीर रडकुंडीला येतो. खालच्या साच्यातून मात्र सुटका नाही. तो खरबरीत असेल तर पत्राही तसाच उठतो. आत हवा कोंडली तर पत्रा तळाला टेकतच नाही.

म्हणून साचे बनवायला शिकवणाऱ्या संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये एकदा दोघं जाऊन या, डिप्लोमानंतर काय शिकता येईल ते तिथंच विचारा. मार्क चांगले असतील तर मी मात्र थेट दुसऱ्या वर्षाची डिग्री सुचवीन, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेज किंवा संभाजीनगरचं शासकीय. पुढे गेटची परीक्षा, एमटेक. हे काम अजून बरंचसं प्रयोगशाळेत आहे. अशा कामासाठी नोकरीची जाहिरात मी तरी आपल्याकडे पाहिलेली नाही. तुमची काळजी खोटी नाही.

त्याला आज चॉकलेटची चांदी आणि एक नाणं द्या. छापा कुठे नीट उठला नाही, आणि का, ते त्याने लिहून पाठवावं. या वेळी पत्र तुम्ही लिहिलंत, पुढचं त्याचं येऊ द्या.