भाकरी अटकते पण पाणी जातं, याला नुसती ॲसिडिटी समजू नका

ताई, तुमच्या सासऱ्यांना 2 महिने भाकरी छातीत अटकतेय, वर पाणी प्यायलं की उतरते, आणि मेडिकलवाल्यानं ॲसिडिटीची गोळी दिलीय. मी डॉक्टर नाही, पण त्या गोळीवर अजून दिवस घालवू नका बघा.

काय अटकतं हे आधी नीट विचारा. आधी भाकरी, मग भात, मग पातळसुद्धा, असं वाढत चाललं असेल तर अन्ननलिका कुठंतरी अरुंद झालीय, जुन्या ॲसिडिटीनं आकसली असेल नाहीतर गाठ असेल, ते बघितल्याशिवाय कळत नाही. भाकरी आणि पाणी दोन्ही पहिल्यापासूनच अटकत असेल तर नळीच्या स्नायूंचा प्रॉब्लेम असू शकतो. आणि गिळायला लागलं की लगेच ठसका, पाणी नाकातून, हे लकवा, पार्किन्सनमध्ये होतं. आमच्या आईला लकव्यानंतर पाण्याचा ठसका लागायचा पण घट्ट खीर बरोबर जायची.

आपल्या सोलापुरात घोळ काय होतो, कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची सवयच असते, त्यामुळं माणूस हळूहळू सगळंच ओलं करून खायला लागला तरी घरात कुणाच्या लक्षात येत नाही. शेंगाचटणीबरोबर कोरडी भाकरी शेवटची कधी खाल्ली, जेवायला आता किती वेळ लागतो, पँट सैल झालीय का, हे विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत, वयामुळं म्हणतील.

बोट गळ्याशी दाखवतात म्हणून नुसता घसा तपासून थांबू नका, नळी साधारण 25 सेंमी लांब असते आणि अडथळा पार जठराजवळ असला तरी वर गळ्यात वाटू शकतं. तंबाखू, मिश्री, दारू जे असेल ते डॉक्टरला खरं सांगा.

बहुतेक एंडोस्कोपी सांगतील, म्हणजे तोंडातून बारीक दुर्बीण घालून नळी आतून बघतात. उपाशी पोटी जायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, काही मिनिटांचं काम. तपासायला आतला छोटा तुकडा काढला की रोग पसरतो असं कुणी नातेवाईक म्हणालाच तर सरळ दुर्लक्ष करा, त्या तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

वजन उतरतंय असं असेल तर याच आठवड्यात दाखवा, उलटीत रक्त किंवा काळी शी होतेय असं असेल तर लगेच. आणि घास अडकून थुंकीसुद्धा गिळता येईना झाली तर केळं, भाताचा गोळा असलं वरून काही ढकलू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा, रात्र असली तरी. घास उतरत असतील तर डॉक्टरला दाखवेपर्यंत मऊसर, छोटे घास, ताठ बसून, आणि गोळ्या ग्लासभर पाण्याबरोबर, झोपायच्या तोंडावर तर अजिबात नको.